वॉरिंग्टनचे काचपात्र : जलजीवालयातील ‘समतोला’चा अपुरा हिशेब

इ. स. १८५० च्या मार्च महिन्यात लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने एक छोटासा निबंध वाचला. निबंधाचे शीर्षक भारदस्त होते. प्राणिसृष्टी व वनस्पतिसृष्टी यांच्या संबंधांची अशी जुळणी करता येते की, जिच्यायोगे दोहोंचे जीवनव्यापार कायम चालू राहावेत, असा त्याचा आशय. प्रत्यक्ष विषय मात्र दोन लहान सोनमासे, एक पाणवनस्पती आणि पाच-सहा गोगलगाई एवढाच होता. घरगुती गोड्या पाण्याच्या जलजीवालयाचा शास्त्रीय इतिहास बहुतेक लेखक या निबंधापासून सुरू करतात, आणि ते योग्यही आहे. परंतु या निबंधाने जी उपपत्ती रूढ केली ती पुढे जवळजवळ शंभर वर्षे अपुरी असूनही पूर्ण मानली गेली. तिच्यातील उणीव भरून काढणारे ज्ञान वॉरिंग्टनच्याच घरात, त्याच्याच नावाच्या मुलाने, तीस वर्षांच्या आत मिळवले होते. ते ज्ञान शेतीच्या शास्त्रात गेले. मासे पाळणाऱ्यांपर्यंत ते पोहोचावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. हा विलंब का झाला, आणि त्या उशिरा मिळालेल्या ज्ञानाच्या प्रकाशात मूळ प्रयोगाची किंमत काय ठरते, हे येथे पाहावयाचे आहे.

थोरला वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हा लंडनमधील अपॉथेकरीज सोसायटीचा रसायनज्ञ होता. औषधी द्रव्यांची तयारी व परीक्षा हे त्याचे नित्याचे काम. १८४१ साली केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता आणि १८४२ पासून तो अपॉथेकरीज हॉलमध्येच राहत असे. प्रयोगाला आरंभ १८४९ साली झाला. सुमारे बारा गॅलन पाणी मावेल असे एक काचपात्र त्याने घेतले आणि ते झऱ्याच्या पाण्याने अर्धे भरले. म्हणजे पाणी अदमासे सत्तावीस लिटर. तळाशी वाळू व चिखल यांचा थर दिला, त्यात चुनखडीच्या सच्छिद्र दगडाचे तुकडे रचले आणि व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती मुळे गाळात रोवून लावली. मग दोन सोनमासे सोडले. पात्राच्या तोंडावर त्याने सैलसर मलमल टाकली होती. लंडनच्या हवेतील काजळी व धूळ आत पडू नये, पण हवेचे येणे-जाणे अडू नये, असा तिचा हेतू. वाचताना सहज नजरेआड होणारी ही मलमल पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

काही दिवस सर्व सुरळीत चालले. नंतर व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने पिवळी पडून कुजू लागली, पाणी गढूळ झाले, पृष्ठभागावर आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. आरंभी या अडचणीचा विचार आपण केलेला नव्हता, हे वॉरिंग्टनने निबंधात मोकळेपणाने सांगितले आहे. निसर्गात कुजकी पाने कोण खातो, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि तळ्यातील लिम्निया जातीच्या पाच-सहा गोगलगाई आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजके अवशेष व बुळबुळीत थर फस्त केला, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. या तिघांच्या सहवासाने पात्र महिनोन्‌महिने पाणी न बदलता टिकले.

या निरीक्षणाची उपपत्ती वॉरिंग्टनने आपल्या काळातील रसायनशास्त्रातून घेतली. १७७१ साली जोसेफ प्रीस्टलेने मेणबत्तीच्या ज्योतीने बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी ती हवा पुन्हा ज्वलनयोग्य झाल्याचे पाहिले. १७७९ साली यान इंगेनहाउझने हे कार्य फक्त वनस्पतीचे हिरवे भाग, आणि तेही सूर्यप्रकाशातच करतात, हे सिद्ध केले. प्राणी प्राणवायू घेऊन कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात, वनस्पती त्याच्या उलट करतात, हे जमाखर्चाचे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य झाले होते. नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनचा वैद्य अपॉथेकरीज सोसायटीशी निगडित होता. १८२९ साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला असता तिच्यातील मातीत नेचाचे रोप आपोआप उगवून वाढल्याचे त्याने पाहिले, आणि त्यातून काचबंद पेटीची कल्पना काढली. या वॉर्डच्या पेट्यांमधूनच पुढे चहाची रोपे चीनमधून हिमालयाच्या उतारावर आली. तेव्हा बंदिस्त काचपात्रात जीवसृष्टीचा एक तुकडा स्वयंपूर्ण राहू शकतो, ही कल्पना वॉरिंग्टनच्या भोवती हवेतच होती. त्याने ती पाण्यात उतरवली, आणि गोगलगाईचा तिसरा घटक घालून कुजण्याच्या प्रश्नालाही हात घातला. आधीच्या कोणापेक्षाही त्याचे श्रेय मोठे आहे ते येथे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याने हे नाव रूढ केले आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात काचेच्या टाक्यांची एक लाटच आली. ‘समतोल जलजीवालय’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून हौशी ग्रंथांतून अढळ झाला. मासे इतके, वनस्पती इतक्या, गोगलगाई इतक्या. प्रमाण साधले की पाणी कधी बदलावे लागणार नाही, असे आश्वासन त्यात असे. प्रमाणाचे आकडे मात्र प्रत्येक ग्रंथात वेगळे. ही विसंगती कोणाला खटकली नाही, याचे आज नवल वाटते.

लाट ओसरलीही लवकर. १८६० नंतर अनेक घरांतील टाक्या रिकाम्या झाल्या. पण तो काळ सर्वस्वी वाया गेला नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनचा टाक्यांचा व्यापारी अनुभवाने शिकत गेला. पॅरिस व हॅम्बुर्ग येथील सार्वजनिक जलजीवालयांचे काम केल्यानंतर १८७१ साली लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस येथे त्याने समुद्राच्या पाण्याचे जे जलजीवालय उभारले, त्यात प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा जलसाठा जमिनीखाली अंधारात ठेवला होता आणि पाणी पंपाने सतत टाक्यांतून फिरवले जाई. अंधारात हिरवे पाणी निवळते, हे त्याचे निरीक्षण होते. वनस्पतीवाचून, केवळ अंधारातील साठा आणि खेळते पाणी यांच्या बळावर प्राणी वर्षानुवर्षे जगतात, हे लॉइडने प्रत्यक्ष करून दाखवले. समतोलाच्या उपपत्तीला हा उघड धक्का होता. परंतु लॉइडचे ज्ञान कारागिराचे होते. त्याच्यामागचे रसायन त्याला सांगता आले नाही, आणि ज्यांना सांगता आले असते त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

वॉरिंग्टनच्या हिशेबात नेमके काय राहून गेले होते? त्याने वायूंचा जमाखर्च मांडला होता, नत्राचा नव्हे. मासा प्राणवायू घेतो व कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो हे खरे. पण तो अन्नातील प्रथिनेही पचवतो आणि त्यांतील नत्र त्याला बाहेर टाकावा लागतो. तो कोणत्या वाटेने जातो, हे होमर स्मिथ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२९ साली दाखवले. गोड्या पाण्यातील मासे आपला बहुतेक नत्र मूत्रावाटे नव्हे, तर कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतात. त्याचे प्रयोग कार्प व सोनमासा यांच्यावरच झालेले होते, हा एक योगायोग. हा अमोनिया माशाला विषारी आहे, आणि विषाची तीव्रता पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. पाण्यातील अमोनियाचा काही अंश विद्युत्‌भारित अमोनियम आयनाच्या रूपात राहतो. हा तितकासा घातक नाही. उरलेला भाररहित अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल तर या घातक रूपाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. सामू ८ झाला की ते पाच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे तेवढ्याच अमोनियाचा धोका जवळजवळ दहापट होतो.

यावरून एक विचित्र प्रश्न उभा राहतो. वॉरिंग्टनच्या पात्रात चुनखडीचे दगड होते. चुनखडीने पाण्याचा सामू वर जातो. तेव्हा त्या पात्रातील मासे उलट लवकर मरावयास हवे होते. ते मेले नाहीत, कारण त्यांचा अमोनिया साठतच नव्हता. तो कोण उचलून नेत होते, याचे उत्तर पाण्याच्या शास्त्रात नव्हते. ते मातीच्या शास्त्रात मिळावयाचे होते.

मातीत कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापासून सोरा तयार होतो, हे ज्ञान प्राचीन आहे. बिहारमधील नोनिया लोक जुन्या भिंतींची व अंगणांची माती धुऊन सोरा काढीत आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तो इंग्लंडच्या दारूगोळ्यासाठी नेत. युरोपात शेण, माती व चुना यांचे ढीग रचून त्यांवर मूत्र शिंपडीत आणि पावसापासून जपून ते मधूनमधून वरखाली करीत. चुना, ओल, हवा आणि वेळ, ही चार साधने हवीत, हे सोरा करणाऱ्यांना ठाऊक होते. शास्त्रज्ञांची समजूत मात्र अशी की, सच्छिद्र पदार्थात हवेतील प्राणवायू अमोनियाशी संयोग पावतो, आणि ही क्रिया निव्वळ रासायनिक आहे.

ही समजूत १८७७ साली पॅरिसमध्ये मोडली. तेओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युंझ यांनी वाळू व चुनखडीची पूड यांनी भरलेली एक मीटरभर लांबीची नळी उभी केली आणि तिच्यातून गटाराचे पाणी थेंबाथेंबाने सोडले. पहिले वीस दिवस खाली येणाऱ्या पाण्यात अमोनिया होता तसाच राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले आणि वाढत जाऊन अमोनिया नाहीसा झाला. ही क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. तीन आठवड्यांच्या प्रतीक्षेचे कारण काय? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा क्रिया थांबली. वाफ काढून घेतल्यावरही ती आपोआप सुरू झाली नाही. थोड्या मातीच्या धुवणाचे पाणी वर ओतल्यावर मात्र ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा हे कार्य सजीवांचे होय, हा निष्कर्ष अटळ होता.

या नळीकडे मासे पाळणाऱ्याच्या नजरेने पाहिले असता ती दुसरे तिसरे काही नसून जलजीवालयाची गाळणी आहे, हे तत्काळ ध्यानात येते. वाळू, चुनखडी, अमोनियायुक्त पाण्याचा संथ प्रवाह. नवी टाकी लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे मासे का मरतात, हा प्रत्येक हौशी माणसाला पडणारा प्रश्नही त्या वीस दिवसांत सुटलेला होता. पण १८७७ साली तो प्रश्न घेऊन त्या नळीकडे कोणी गेले नाही.

इंग्लंडात हे संशोधन पुढे नेले ते धाकट्या रॉबर्ट वॉरिंग्टनने (१८३८–१९०७). त्याचे रसायनाचे शिक्षण अपॉथेकरीज हॉलमध्ये वडिलांच्याच प्रयोगशाळेत झाले होते. सोनमाशांच्या पात्राचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे रॉथॅमस्टेड येथे, लॉज व गिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध शेतीसंशोधन केंद्रात, त्याने नायट्रीकरणावर १८७८ पासून निबंधमाला लिहिली. फ्रेंच संशोधकांचा निष्कर्ष त्याने पडताळून पाहिला व मान्य केला. शिवाय त्यात मोलाची भर घातली. अमोनियापासून प्रथम नायट्राइट व मग नायट्राइटपासून नायट्रेट, अशा दोन पायऱ्यांनी ही क्रिया होते आणि या दोन पायऱ्या दोन निरनिराळ्या जंतूंच्या आहेत, असे त्याने दाखवले. पहिल्या पायरीवर थांबणारी आणि केवळ दुसरी पायरी चढणारी अशी वेगवेगळी संवर्धने त्याला मिळाली. त्याचे आणखी एक निरीक्षण असे की, उजेडात ठेवलेल्या द्रावणांत ही क्रिया होत नाही. तिला अंधार मानवतो. लॉइडच्या जमिनीखालील अंधाऱ्या साठ्याचे मर्म यात बऱ्याच अंशी उघड होते. क्रिस्टल पॅलेस आणि रॉथॅमस्टेड यांच्यात आगगाडीचे फार तर काही तासांचे अंतर होते.

जंतू वेगळे काढण्यात मात्र धाकट्या वॉरिंग्टनला यश आले नाही. त्या काळच्या पद्धतीनुसार तो जिलेटिनवर त्यांची वाढ करू पाहत होता, आणि हे जंतू सेंद्रिय अन्नावर वाढतच नाहीत. झुरिच येथे सेर्गेई विनोग्राड्स्की याने ही गोष्ट ओळखली. निव्वळ खनिज क्षारांच्या द्रावणात त्याने १८९० मध्ये अमोनियाचे नायट्राइट करणारा जंतू वेगळा काढला, आणि जिलेटिनऐवजी सिलिकेचा निरिंद्रिय गोळा वापरून दुसऱ्या पायरीचा जंतूही मिळवला. अमोनियाच्या ज्वलनातून शक्ती मिळवून कार्बन डाय-ऑक्साइडपासून स्वतःचे शरीर बांधणारे, प्रकाशाची गरज नसलेले हे जीव होते. वनस्पती आणि प्राणी या दोनच खात्यांत मांडलेला थोरल्या वॉरिंग्टनचा हिशेब येथे खऱ्या अर्थाने मोडला. हे जंतू त्या दोहोंपैकी कोणत्याच खात्यात बसत नव्हते.

मग जलजीवालयाच्या ग्रंथकारांना हे कळावयास आणखी साठ वर्षे का लागली? ज्ञान दुर्मिळ होते असे म्हणता येत नाही. सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी खडीच्या थरांतून पाणी झिरपवण्याची पद्धत १८९० नंतर इंग्लंड व अमेरिकेतील अभियंत्यांनी जंतूंचे कार्य पूर्ण ओळखून उभारली होती. धाकट्या वॉरिंग्टनचे प्रश्न शेतकऱ्याचे होते: खतातील नत्र पिकाला किती मिळतो, किती निचऱ्याच्या पाण्यातून वाहून जातो. माशांचा छंद करणारे वाचक कृषिरसायनाची नियतकालिके वाचीत नव्हते. पण या सामाजिक कारणापेक्षा दुसरे कारण अधिक खोल आहे. समतोलाची उपपत्ती चुकीची ठरण्याची वेळच येत नसे. टाकी टिकली तर समतोल साधला असे म्हणावयाचे, माशांनी मान टाकली तर तो बिघडला असे म्हणावयाचे. जी उपपत्ती यश आणि अपयश या दोहोंचे तेच कारण सांगते, ती तपासण्याची निकड कोणालाच भासत नाही.

गाळण्यांच्या बाबतीतही हेच झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवेच्या पंपाने चालणाऱ्या लहान गाळण्या घरोघरी आल्या. काचलोकर आणि कोळसा यांनी भरलेली डबी टाकीच्या कोपऱ्यात ठेवावयाची आणि बुडबुड्यांनी पाणी तिच्यातून ओढावयाचे. तिचे कार्य घाण अडकवणे एवढेच समजले जाई. म्हणून गाळणी मळकट दिसली की काचलोकर टाकून द्यावयाची आणि नवी भरावयाची, असा उपदेश असे. गाळणीतील खरा उपयुक्त भाग म्हणजे तो तपकिरी मळच होता. मालक तो दर पंधरवड्याला केराच्या टोपलीत टाकीत आणि त्यानंतर आजारी पडणाऱ्या माशांना औषध शोधीत.

पहिला उघड आघात १९४९ साली झाला. न्यू यॉर्कचा मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅट्झ याने समतोल जलजीवालय हे एक मिथक आहे, असे स्पष्ट शीर्षक देऊन लेख लिहिला. त्याचा मुख्य मुद्दा वायूंचा होता. टाकीत किती मासे जगतील हे वनस्पतींवर नव्हे, तर हवेला भिडलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावर प्रामुख्याने अवलंबून असते. प्राणवायू हवेतून पाण्यात येतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यातून हवेत जातो. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात खऱ्या, पण रात्री माशांप्रमाणेच तो वापरतात. येथे वॉरिंग्टनच्या मलमलीचे महत्त्व कळते. त्याचे पात्र बंद नव्हतेच. वायूंची जुळणी वनस्पतीने साधली असा निष्कर्ष काढण्यासाठी हवेचा मार्ग बंद करावयास हवा होता. त्याने तो मुद्दाम मोकळा ठेवला. निष्कर्षाला जो पुरावा लागतो तोच प्रयोगाच्या मांडणीने बाद केला होता, आणि शतकभर ते कोणाच्या लक्षात आले नाही.

नत्राचा हिशेब पूर्ण करण्याचे काम १९५० नंतरच्या दशकांत झाले. जपानमध्ये साएकी याने १९५८ साली फिरत्या पाण्याच्या बंदिस्त मत्स्यपालनात गाळणीच्या वाळूतील नायट्रीकरण किती माशांचा भार उचलू शकते, याचे गणित मांडले. याच सुमारास तळातील रेतीखाली छिद्रांचा पत्रा ठेवून पाणी रेतीतून खाली ओढणाऱ्या गाळण्या प्रचारात आल्या. १९७० साली स्टीफन स्पॉट यांच्या ग्रंथाने ‘जैविक गाळण’ ही कल्पना इंग्रजी वाचकांत दृढ केली. श्लोझिंग आणि म्युंझ यांच्या नळीपासून येथपर्यंत यावयास त्र्याण्णव वर्षे लागली.

या प्रकाशात १८४९ च्या पात्राकडे पुन्हा पाहिले पाहिजे. अ‍ॅट्झच्या टीकेचा परिणाम असा झाला की, वॉरिंग्टनचा प्रयोग ही एक भाबडी चूक होती, असे पुष्कळांना वाटू लागले. ते न्याय्य नाही. वायूंविषयीचा त्याचा निष्कर्ष त्याच्या प्रयोगाने सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याने पात्रात ज्या वस्तू घातल्या त्या आजच्या ज्ञानानेही अचूक होत्या. वाळू आणि चिखल हे नायट्रीकरण करणाऱ्या जंतूंचे वसतिस्थान होते, आणि तळ्यातील गाळातून ते जंतू स्वतःच आले असणार. श्लोझिंगने मातीचे धुवण नळीत ओतून जे केले तेच हे. चुनखडीच्या दगडाबद्दल वर जी शंका घेतली तिचेही समाधान येथे होते. नायट्रीकरणाने आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनियायुक्त नत्राचे नायट्रेट होताना सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्ची पडते. ती भरून निघाली नाही तर पाणी आंबट होत जाते आणि जंतूंचे काम मंदावते. चुनखडी ही भरपाई करीत होती. सोरा करणारे ढिगात चुना मिसळीत त्याचे कारण हेच. मासे दोनच, आणि त्यांचे खाद्यही बहुधा बेताचे, त्यामुळे नत्राचा भारही हलका होता. गोगलगाई कुजके अवशेष संपवीत नव्हत्या. त्यांचे बारीक तुकडे करून त्या पुढील कामकऱ्यांच्या हाती देत होत्या.

वनस्पतीचे काय? तिला या हिशेबातून वगळणे ही अलीकडची अतिशयोक्ती आहे. केवळ गाळणीवर विसंबणाऱ्या लेखकांनी वनस्पतीला शोभेची वस्तू ठरवले. डायाना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाणवनस्पतींच्या पोषणावरील संशोधन एकत्र आणून दाखवले की, अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच आधी उचलतात. नायट्रेट घेतले तर त्याचे पुन्हा अमोनियम करण्यासाठी त्यांना शक्ती खर्चावी लागते, मग ते घ्यावे कशाला? म्हणजे भरघोस वाढणारी व्हॅलिस्नेरिया आणि गाळणीतील जंतू हे एकाच अमोनियासाठी झगडणारे प्रतिस्पर्धी आहेत. त्यांतही फरक असा की, जंतू नत्राचे फक्त रूप बदलतात आणि नायट्रेट पाण्यात साठत राहते; वनस्पती तो नत्र पाण्यातून काढून आपल्या अंगात घेते. पण पिवळे पान टाकीतच कुजू दिले तर तोच नत्र परत पाण्यात येतो. वॉरिंग्टनला आलेली पहिली अडचण नेमकी ही होती, आणि ती त्याने पाहिली, लपवली नाही. वनस्पती माशाला तारते हे त्याचे विधान खरे होते. ती प्राणवायूने तारते, हे कारण फार तर गौण होते.

राहिला धाकट्या वॉरिंग्टनचा भाग. त्याची दोन पायऱ्यांची आणि दोन जंतूंची उपपत्ती विनोग्राड्स्कीच्या हातून शास्त्रीय सिद्धान्त बनली आणि नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही दोन नावे जलजीवालयाच्या प्रत्येक पुस्तकात गेली. त्या पुस्तकांनी त्या नावांची खातरजमा टाकीत केलेली नव्हती. ती मातीच्या शास्त्रातून उसनी आलेली होती. १९९६ नंतर रेण्वीय पद्धतींनी गोड्या पाण्याच्या गाळण्या तपासल्या गेल्या, तेव्हा नायट्रोबॅक्टर तेथे सापडेना. त्याचे काम नायट्रोस्पायरा वंशाचे जंतू करीत असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या जलजीवालयातील रेतीतून अमोनियाचे नायट्राइट करणारा एक आर्किया वर्गातील जीव वेगळा काढण्यात आला, आणि २०११ मध्ये घरगुती गोड्या पाण्याच्या गाळण्यांतही अशा जीवांचे प्राबल्य असल्याचे आढळले. अखेर २०१५ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, नायट्रोस्पायराच्या काही जाती अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या दोन्ही पायऱ्या एकट्याच चढतात. त्यांपैकी नेदरलंड्‌समधील गटाला हा जीव मिळाला तो शेतातील मातीत नव्हे, तर मासे वाढवण्याच्या फिरत्या पाण्याच्या टाकीला जोडलेल्या गाळणीत.